पौर्णिमेपुरती गोळी

पावसाने दोन दिवस उघडीप दिली तशा यंदाही विहारातल्या सतरंज्या गच्चीवर गेल्या, आणि ते मला दुसऱ्या मजल्यावर बसल्या जागी नाकाने कळलं. वर पोरं काठ्यांनी सतरंज्या झोडपत होती. वर्षभराची धूळ, उदबत्तीची राख, कुणाकुणाच्या डोक्याचं तेल आणि भिंतीतून उतरलेली ओल, सगळं मिळून जिन्यातून खाली येत होतं. आषाढी पौर्णिमा जवळ आली, याची आमच्या चाळीत ही पहिली वर्दी. हातभार लावावा म्हणून मी दाराबाहेर आले, तर शेजारच्या खोलीतली शेवंतामावशी कठड्याला टेकून उभीच होती. "तू आत बस गं उजू," ती म्हणाली. "तुझ्याबिगर काय अडलं नाय." मी आत येऊन बसले. दोन शिंका आल्या. पूर्वी अशा दिवशी शिंकांची मोजदाद कुणी ठेवत नसे, आणि शिंकांनंतर जे यायचं त्याच्यापुढे शिंका म्हणजे लाडच होते.

आमची चाळ काळाचौकीची. तळमजल्यावर, जिथे एके काळी व्यायामशाळा होती त्या दोन खोल्यांत, आमचं बुद्धविहार आहे. भिक्खूंनी पावसाळ्यात भटकायचं नाही, तीन महिने एका जागी राहायचं, ही जुनी रीत. तिला वर्षावास म्हणतात. आम्ही नोकरदार माणसं एका जागी कुठली राहणार? म्हणून आम्ही त्यातून आपल्याला झेपेल ते घेतलं. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात धम्माचा ग्रंथ वाचायचा. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका जास्त, थोडी शाळेची पोरं आणि कामावरून परस्पर आलेले, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले दोन-चार पुरुष. त्यांतले निम्मे पंख्याखाली पेंगतात. पेंगणाऱ्याला कुणी बोलत नाही, दिवसभर राबलेली माणसं असतात ती.

हे वाचन पिढीभर माझ्या बाबांकडे होतं. आजोबा गिरणीत लागले तेव्हा आमच्या लोकांना साचेखात्यात, म्हणजे मागावर, घेत नसत. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. म्हणून आजोबा रिंगखात्यात, सूतकताईला गेले आणि त्यांच्या मागोमाग बाबाही तिथेच चिकटले. गिरण्यांच्या मोठ्या संपानंतर बाबा एका शाळेत शिपाई झाले. पण संध्याकाळी विहारात बसून ते वाचायला लागले की जिन्यात खेळणारी पोरंही थबकायची. आवाज चढवत नसत. शब्द न् शब्द सुटा यायचा. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. ग्रंथ माझ्याकडे आला आणि बाबा समोर, पहिल्या सतरंजीवर बसायला लागले. पाठ ताठ, मान किंचित वाकडी, उजवा कान माझ्याकडे. बाकीचे पेंगले तरी बाबा कधी पेंगले नाहीत. विहाराचा सेक्रेटरी गौतमदादा पोरांना सांगायचा, "ऐकायचं कसं ते बाबांकडून शिका."

ग्रंथ माझ्याकडे आला खरा, पण वाचायला लागतो तो दम माझ्याकडे नव्हता. मला लहानपणापासून दमा. वर्षाचे आठ महिने मी इतरांसारखीच असते. फोर्टला विमा कंपनीत जाते, जिने चढते, भांडते. पण आषाढ लागला, की आमच्या खोलीत डोक्यावर दोऱ्यांवर कपडे लोंबायला लागतात, ते चार दिवस वाळत नाहीत, कपाटाच्या मागच्या भिंतीला बुरशीचे काळे ठिपके फुटतात आणि माझ्या छातीत मांजर येऊन बसतं. दमा नसलेल्यांना वाटतं की आम्हाला श्वास घेता येत नाही. घेता येतो. तो सोडता येत नाही. आत गेलेला श्वास बाहेर पडायला राजी नसतो, आणि तो निघत नाही म्हणून पुढचा आत शिरत नाही. पर्समधला पंप ओढला की वाट मोकळी होते. मग पुन्हा काही वेळाने तेच.

मला आठवतो तो वर्षावास काही वर्षांपूर्वीचा. त्याच्या आदल्या वर्षी माझं वाचन अगदी ऐकवेना झालं होतं. वाक्याच्या अर्ध्यात दम संपायचा. मी थांबायचे, सगळी माणसं थांबायची, शेवंतामावशी पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची. करुणेबद्दलचं वाक्य असायचं आणि ऐकणाऱ्यांना करुणा माझीच यायची. म्हणून पुढच्या वर्षी पौर्णिमेआधी गौतमदादा घरी आला. चहा पिऊन झाला तरी उठेना. मग म्हणाला, "ताई, राग मानू नका. ग्रंथाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर मिळतं. एकदम क्लिअर आवाज. आपण स्पीकर लावू. तुम्हाला पण त्रास नको."

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीपाशी बसले होते. मला वाटलं, ते काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "तिला झेपत नसेल तर लावा स्पीकर." एवढंच. पण त्यांचा हात मांडीवर नुसता पडून राहिला होता, आणि मला फार वाईट वाटलं. डोळे गेल्यावर या माणसाला संध्याकाळची तेवढी एक जागा उरली होती, आपल्या लेकीच्या तोंडून ग्रंथ ऐकण्याची, आणि तीही आता एका डबड्याला द्यायची होती. मी गौतमदादाला म्हटलं, "यंदा मी वाचते. नाहीच जमलं तर पुढल्या वर्षी लाव." तो बरं म्हणाला. तोही वाईट नाही हो. त्याला खरंच माझी काळजी वाटत होती.

आता गोळीचं. परळच्या डॉक्टरीणबाईंनी मला ज्येष्ठातच एक गोळी लिहून दिली होती. रोज रात्री एक, जेवणानंतर. त्यांनी नीट समजावलं होतं की ही दमा उठल्यावर घ्यायची गोळी नाही, त्यासाठी पंप आहेच. ही तो उठू नये म्हणून आहे, शिंकांनाही आवर घालील, आणि हिचा उपयोग रोज घेतली तरच. वर आईला सांगितलं, "हिची झोप बिघडली, भलतीसलती स्वप्नं पडायला लागली, चिडचिड वाढली, उदास वाटली, तर लगेच मला कळवा. काही जणांना होतं तसं." आई म्हणाली, "चिडचिड तर गोळीच्या आधीपासनं हाय." डॉक्टरीणबाई हसल्या. मी घरी आले आणि ती पट्टी फ्रिजवर ठेवून दिली. रोजच्या गोळीची मला धास्ती वाटायची. सवय लागते म्हणतात. शिवाय रोज गोळी घेणं म्हणजे आपण रोज आजारी असल्याची कबुली देणं, असं काहीसं डोक्यात होतं. आई रोज विचारायची, मी रोज उद्यावर ढकलायचे.

आईने मग मला बरोबर कोंडीत पकडलं. आषाढी पौर्णिमेला विहारात त्रिशरण-पंचशील झालं की आमच्याकडे संकल्प सांगतात. पुढचे तीन महिने मी अमुक पाळीन, असं उभं राहून सगळ्यांसमोर बोलायचं. कुणी मटण-मच्छी सोडतं, कुणी टीव्हीवरच्या मालिका. शेवंतामावशी दर वर्षी मशेरी सोडते आणि समारोपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा लावते. त्या संध्याकाळी माझी पाळी आली. मी काही बोलायच्या आत आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "उजू रोज रात्री दम्याची गोळी घेणार. तीन महिने. एकपण दिवस चुकवणार नाय." सगळे हसले. गौतमदादाने माइकवरून जाहीर केलं, "उज्ज्वलाताई, गोळीचा संकल्प." टाळ्याही पडल्या. डॉक्टरांचं न ऐकणं सोपं असतं, पण अख्ख्या चाळीसमोर बोललेलं मोडायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी नळावर तोंड दाखवायची सोय राहत नाही.

त्या रात्रीपासून मी गोळी घ्यायला लागले. सुरुवातीला काहीच कळलं नाही. एकदोनदा मोठी रंगीत स्वप्नं पडली, त्यांतल्या एकात गिरणीचा भोंगा माझ्या ऑफिसात वाजत होता. ती मी इमानेइतबारे डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितली. त्या म्हणाल्या, लक्ष ठेवा, वाढली तर या. वाढली नाहीत. चाळीत मात्र जो तो चौकशी करायचा. भाजीवालीपाशी उभी असले तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "ताई, काल घेतली ना?" माझी गोळी सगळ्यांची झाली होती.

आणि मग श्रावणातली ती संध्याकाळ. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, विहाराची खिडकी लावून घेतली होती, उदबत्तीचा धूर आतल्या आत फिरत होता. एक भलंमोठं वाक्य आलं. आदल्या वर्षी त्या वाक्याने माझा जीव काढला होता, ते पान मला चांगलं लक्षात होतं. मी ते वाचायला घेतलं आणि वाचत गेले, वाचत गेले, आणि पूर्णविरामापाशी पोचले तेव्हा माझ्याजवळ अजून श्वास शिल्लक होता. मला ते पटेना. मी मान वर केली. शेवंतामावशीचा हात तांब्यावर होता, तांब्या अर्धवट उचललेला. तिने तो हळूच खाली ठेवला. बाबांच्या तोंडावर काहीच दिसलं नाही, फक्त त्यांनी एक मोठा उसासा टाकला. मी पुढचं वाक्य घेतलं. मला इतका आनंद झाला होता की आवाज उगाच चढला, आणि मागून कुणीतरी पोराला म्हणालं, गप बस, ताई बघ कशी वाचते.

त्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट झाली, जिची मी अपेक्षाच केली नव्हती. मला वास यायला लागले. इतकी वर्षं पावसात माझं नाक चोंदलेलंच असायचं, त्यामुळे पावसाळ्याला फक्त एक कुबट वास असतो अशी माझी समजूत होती. आता कामावरून येताना जिन्यात पाय ठेवला की कुणाच्या घरी सुकट भाजतायत, कुणाकडे भाताला वाफ आलीय, कुणी डोक्याला माक्याचं तेल लावलंय, सगळं एकेक वेगळं कळायचं. बाबांच्या स्वेटरला कापराचा वास होता. आईच्या पदराला फोडणीचा. मी मुद्दाम लालबागच्या मसाल्यांच्या गल्लीतून घरी यायला लागले. त्या गल्लीत मी शाळकरी वयापासून नाकाला रुमाल लावूनच शिरायचे. धणे कसे भाजलेत, मिरची कुठली कुटतायत, दगडफूल कुठल्या पोत्यात आहे, हे तिथली माणसं डोळे मिटून ओळखतात. मला तेवढं जमलं नाही, पण ठसका न लागता मी त्या गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेले. गणपतींच्या कारखान्यांवरून जाताना रंगाच्या फवाऱ्याने थोडं खवखवलं, तेवढंच. घरी आल्यावर आईला म्हटलं, "आपल्या गल्लीला किती वास आहेत गं." ती म्हणाली, "आता वास आले तर गटाराचा पण येईल." तोही आला.

अश्विन पौर्णिमेला समारोप झाला. मोठ्या टोपात खीर रटरटत होती. ग्रंथाचं शेवटचं पान मी वाचलं. तीन महिन्यांत एकही दिवस स्पीकरची गरज पडली नव्हती. एकेकाने उठून आपला संकल्प पुरा झाल्याचं सांगितलं. माझी पाळी आली तशा सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. गौतमदादाने माझ्या हातात एक फूल दिलं. मग सगळे आपापल्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी शेवंतामावशीने मशेरीची डबी उघडली, खालच्या मजल्यावरच्या अण्णांनी अर्धा किलो मटण आणलं आणि मी गोळी बंद केली. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आईनेच उरलेली पट्टी उचलून फ्रिजवर ठेवली, पुढल्या आषाढात होईल म्हणून. आमच्या घरात त्या गोळीचा आता डॉक्टरांशी काही संबंधच उरला नव्हता, ती पौर्णिमेला धरायची आणि पौर्णिमेला सोडायची वस्तू होऊन बसली होती.

दिवाळीच्या फटाक्यांत पहिला झटका आला, तो पंपाने निभावला. मग थंडी. मुंबईची थंडी म्हणजे हवेत लोंबकळणारी धूळ. त्यात आमच्या समोरची चाळ पाडायला घेतली होती. हिरव्या जाळीच्या आड दिवसभर धडधड चालायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत पांढरा थर साचायचा. दर वर्षी सहा डिसेंबरला सकाळी बाबा चालत दादरला चैत्यभूमीवर जातात. डोळे गेल्यापासून माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्या वर्षीही आम्ही निघालो. परळपर्यंत ठीक होतं. पुढे मात्र पाऊल उचलेना. मी फुटपाथवर बसले. शुभ्र कपड्यांतली माणसं, गावोगावहून आलेली, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, आमच्या बाजूने जात होती. पंप ओढला, पुन्हा ओढला. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभेच होते. त्यांना काही दिसत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. "उजू," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "उजू." त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. एका अनोळखी बाईने बाटलीतलं पाणी दिलं, तिच्या नवऱ्याने टॅक्सी थांबवली. बाबा त्या वर्षी चैत्यभूमीवर पोचले नाहीत. मला कळायला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं, आणि टॅक्सीत मी रडत होते ते दम्याने नाही.

टॅक्सी थेट डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेली. त्यांनी आधी नेब्युलायझर लावला, छाती तपासली, मग विचारलं, "गोळी कधी बंद केलीत?"

"अश्विन पौर्णिमेला," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

निरोप मिळून मागून धावत आलेली आई म्हणाली, "समारोप झाला ना, बाई."

त्यांना अर्थातच काही कळेना. मग आईने सगळं सांगितलं, संकल्प, टाळ्या, फूल. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "तीन महिने न चुकता घेतलीत, हे माझ्या पेशंटांत फार थोड्यांना जमतं. तुमच्या विहाराला मीच हार घालायला पाहिजे. पण पाऊस गेला म्हणून तुमची छाती बदलली का? धूळ आहे, थंडी आहे, धूर आहे. गोळीचा समारोप मी करायचा. तुम्हाला सोडाविशी वाटली तर आधी मला येऊन सांगा, आपण बघू." मग त्यांनी पुन्हा तीच गोळी लिहिली आणि महिन्याने बोलावलं.

आम्ही उठलो तसे बाबा म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू?" ते कधी दवाखान्यात बोलत नाहीत. "मी रिंगखात्यातनं घरी यायचो तेव्हा अंगावर, केसांत कापूस असायचा. ही तान्ही होती. आल्या आल्या उचलून घ्यायचो. त्यानं झालं का हे?" मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला, आईलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "कशानं होतं ते मी नेमकं सांगू शकणार नाही. दमा कितीतरी घरांत असतो, जिथे कुणी गिरणी पाहिलेली नाही. पण बापानं लेकराला उचलून घेतलं, याच्यात दोष कसला काढता?" बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही, मला त्या दिवशी कळलं नाही.

तेव्हापासून गोळीला आमच्या घरात पौर्णिमा-अमावास्या राहिली नाही. मध्ये एकदा बाईंनी स्वतःच ती काही महिने बंद करून पाहिली, मग पुन्हा चालू केली. आता ती मिठाच्या बरणीशेजारी असते आणि जेवण झालं की आपसूक हात जातो. सवय लागली का, तर लागली. दात घासायचीही लागलेली आहे. रोज गोळी घेणं म्हणजे रोज आजारी असणं, असं मला वाटायचं त्याचं आता हसू येतं. गोळी घेते म्हणून तर मी दिवसचे दिवस दमा विसरून असते. पंप पर्समध्ये आहे, तोही लागतो अधूनमधून. मी बरी झालेले नाही. पण पावसाळ्याची पूर्वी धास्ती वाटायची, ती आता वाटत नाही, आणि पुढच्या सहा डिसेंबरला बाबा आणि मी दादरला पोचलो, त्याच्या पुढच्यालाही पोचलो.

यंदाच्या पौर्णिमेला संकल्प सांगायची वेळ आली तेव्हा मी मोबाइलवर रिळं बघणं सोडायचं कबूल केलं. गोळीपेक्षा फार अवघड आहे.

परवाची गोष्ट. वाचन चालू होतं. बाहेर पाऊस होता, आत पंखा, भिंतीवर ओलीचा नकाशा गेल्या वर्षीपेक्षा थोडा पुढे सरकलेला. मी एका लांबलचक वाक्यात होते आणि मधेच कुणीतरी फिसकन हसलं. वर पाहिलं तर पहिल्या सतरंजीवर बाबांची मान छातीवर टेकलेली, तोंड किंचित उघडं, आणि चक्क बारीक घोरणं चाललेलं. मी थांबले. गौतमदादाने वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला. "बाबा, ग्रंथ चाललाय."

बाबा दचकून सरळ बसले. "डोळा लागला रे," ते म्हणाले.

"तुमचा?" शेवंतामावशी म्हणाली. "अवो, इतकी वर्षं कान देऊन बसायचा तुम्ही. आमी पोरांना तुमच्याकडं बोट दाखवायचो."

बाबा जरा ओशाळले. मग म्हणाले, "ग्रंथ मला पाठ आहे, शेवंता. मी ग्रंथ कुठं ऐकत होतो? मी हिचा दम ऐकायचो. पुढचा श्वास येतो की नाही, तिकडं सगळा कान. आता ऐकायला काही राहिलंच नाही."

मला पुढची ओळ दिसेना, पदराने डोळे पुसले तेव्हा दिसली. मी सुटलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि आवाज जरा खाली आणून वाचायला लागले. दोन पानं झाली असतील, बाबांची मान परत हळूहळू छातीवर आली. या वेळी त्यांना कुणी उठवलं नाही.